आठव्या मात्रेवरचा गाँग : नागपुरात केचाक शिकण्याची रीत

बालीचे संगीत किंवा नृत्य शिकायचे म्हटले की नागपुरात पहिला प्रश्न वाद्यांचा येतो. कांस्याच्या पट्ट्या, उतरंडीसारखे ओळीने मांडलेले लहान गाँग (टोला देऊन वाजवायची धातूची वाद्ये), टांगलेले मोठे गाँग आणि ढोलांची जोडी असा पंचवीस-तीस माणसांनी मिळून वाजवायचा गामेलान हा वाद्यमेळ येथे आणणार कोण, आणि आणला तरी शिकवणार कोण? हा प्रश्न खरा आहे, परंतु सुरुवात तेथून करावी लागत नाही. बालीतच एक सादरीकरण असे आहे की ज्यात एकही वाद्य नाही आणि तरीही गामेलानची सगळी रचना माणसांच्या आवाजात उतरलेली आहे. त्याचे नाव केचाक. पंधरा माणसे, दोन मोठ्या सतरंज्या, एक समई आणि हिवाळ्यातले दहा-बारा रविवार एवढ्या सामग्रीवर केचाकचा पाया घालता येतो, हे मी आमच्या वस्तीतल्या गच्चीवर स्वतः करून पाहिलेले आहे, आणि त्याच अनुभवावरून ही रीत लिहीत आहे.

केचाक म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्यावे. बालीत सांघ्यांग देदारी नावाचा एक जुना विधी आहे. गावावर रोगराई किंवा संकट आले की लहान मुलींच्या अंगात देवता येतात आणि त्या नाचतात, अशी तेथील श्रद्धा आहे, आणि त्या वेळी स्त्रिया गातात, तर पुरुष तोंडाने ‘चक् चक्’ असा ठेका धरतात. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बेदुलू गावचा नर्तक वायान लिंबाक आणि बालीत राहिलेला जर्मन चित्रकार वॉल्टर श्पीस यांच्या प्रयत्नांतून हा पुरुषांचा ठेका विधीतून वेगळा काढून रामायणाच्या कथेशी जोडला गेला. म्हणून केचाक हा हजारो वर्षांचा प्राचीन प्रकार आहे असे कोणी सांगितले तर ते मानू नये. त्याचे मूळ जुने आहे, पण आज दिसते ते रूप शंभर वर्षांचेही नाही. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगतो, कारण त्यातच आपल्याला शिकण्याची मोकळीक मिळते. सांघ्यांग हा विधी आहे, त्याला आपण हात लावू नये. केचाक मात्र प्रेक्षकांसमोर करण्यासाठीच घडवलेला आहे.

हा भेद बालीचे लोक स्वतः काटेकोरपणे पाळतात. मंदिराच्या आतल्या आवारातले पवित्र ते ‘वाली’, मधल्या आवारातले अर्धपवित्र ते ‘बेबाली’ आणि बाहेर लोकरंजनासाठी केले जाणारे ते ‘बालीह-बालीहान’ असे तीन वर्ग तेथे मानले जातात, आणि २०१५ साली युनेस्कोने बालीच्या पारंपरिक नृत्यांचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला तोही याच तीन वर्गांच्या नावाने. रेजांग, सांघ्यांग देदारी, विधीतले बारिस ही पहिल्या वर्गातली नृत्ये पाहावीत, त्यांच्याविषयी वाचावे, परंतु आपल्या स्नेहसंमेलनात ती बसवू नयेत. रांगडा या चेटकिणींच्या राणीचा मुखवटा शोभेसाठी घालून मिरवणे हेही तसेच अनुचित आहे. आपल्याकडे कोणी देवीचा मुखवटा गंमत म्हणून तोंडावर चढवला तर आपल्याला जे वाटेल, तेच त्यांनाही वाटते.

माणसे, जागा आणि वेळ

बालीत केचाकला पन्नासपासून शंभरापर्यंत, कधी त्याहूनही जास्त पुरुष बसतात. शिकण्यासाठी मात्र किमान बारा आवाज आणि त्यांच्याखेरीज तीन जण पुरेत : एक ठेका सांभाळणारा, एक सूर धरणारा आणि एक कथा सांगणारा. बारापेक्षा कमी माणसांत एकजण जरी खोकला तरी एकमेकांत गुंफलेल्या आवाजांच्या विणीला भोक पडते, म्हणून अठरापर्यंत नावे घ्यावीत, कारण रविवारी दोन-चार जण हमखास येत नाहीत. केचाक परंपरेने पुरुषांचे असले तरी आज उबुडच्या परिसरात स्त्रियांचेही केचाक गट आहेत, त्यामुळे मिश्र गट करायला हरकत नाही. फक्त पुढे आवाजांचे तीन उपगट करायचे आहेत, त्या तिन्हींत भारी आणि बारीक आवाज सारखे वाटून द्यावेत, नाहीतर एक उपगट उठून दिसतो आणि वीण बिघडते.

जागा छताची असेल तर बरी, पण चारी बाजूंनी बंद नसावी. बंद खोलीत ‘चक्’ भिंतींवरून परत येतो आणि कोणता आवाज आत्ताचा आणि कोणता मागचा हे कळेनासे होते. बालीत प्रत्येक बांजारला, म्हणजे गावातल्या वस्तीच्या संघटनेला, स्वतःचा एक उघडा मंडप असतो आणि तालमी तेथेच होतात. आपल्याकडे सोसायटीची गच्ची, देवळाचा सभामंडप किंवा शाळेची पडवी हे काम उत्तम करते. नागपुरात हे सगळे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत उरकावे. मार्चनंतर संध्याकाळी सहा वाजतासुद्धा गच्चीची फरशी पायाला चटका देते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की पाऊण तास ओरडणे प्रकृतीला झेपत नाही. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे. अठरा माणसांचा एकसाथ ‘चक्’ दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जातो, आणि पहिल्या दिवशी भांडण झाले आहे असे समजून आमच्याकडे खालच्या मजल्यावरचे आजोबा काठी घेऊन वर आले होते.

उच्चार

आता मूळ कामाला लागू. ‘चक्’ हा शब्द मराठी माणसाच्या तोंडून पहिल्या झटक्यात चुकतो, कारण आपल्या भाषेत च दोन आहेत. ‘चांगला’ आणि ‘चूल’ यांतला दंत्य च येथे चालत नाही. ‘चार’ आणि ‘चहा’ यांतला तालव्य च हवा. त्यातला स्वर आपल्या अ आणि आ यांच्या मधला, आखूड असतो. आणि शेवटचा क उच्चारून सोडायचा नाही, घशातच अडवायचा. दार लावताना कडी जशी खटकन बसते, तसा आवाज तेथे बंद झाला पाहिजे. ‘चक’ असा शेवटी अ सोडला की तो आवाज पुढच्या मात्रेत सांडतो, आणि सांडलेल्या आवाजांची वीण होत नाही, गोंगाट होतो. पहिल्या रविवारची वीस मिनिटे फक्त यावर घालवावीत. एकेकाने म्हणावे, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकावे, आणि शेपटी राहिली की हात वर करावा.

जोर पोटातून यावा, घशातून नव्हे. आपल्याकडची हिवाळ्यातली हवा कोरडी असते, त्यामुळे घसा लवकर बसतो. सलग पंधरा मिनिटांपेक्षा जास्त सराव करू नये, मध्ये कोमट पाणी प्यावे, आणि एकूण ओरडण्याचा वेळ पाऊण तासाच्या आत ठेवावा.

गाँग शेवटी येतो

यापुढचा भाग सगळ्यांत कठीण आहे, आणि गंमत अशी की तो नवख्यांना जितका सोपा जातो तितका तबला शिकलेल्यांना जात नाही. आपल्या संगीतात आवर्तनाची पहिली मात्रा ही सम. आपण समेवर येतो, तेथे मान हलते, टाळी पडते आणि तेथूनच नवे आवर्तन सुरू होते. बालीच्या संगीतात मोठा गाँग वाजतो तो आवर्तनाच्या शेवटच्या मात्रेवर. आठ मोजले तर आठव्यावर. सगळे वजन, सगळी ओढ त्या शेवटाकडे असते. पहिली मात्रा ही गाँग विरल्यानंतर पुन्हा चालायला लागलेले पाऊल असते, तिच्यावर कसलाही भार नसतो. आमच्या गटात वीस वर्षे तबला वाजवलेले एक गृहस्थ होते. त्यांचा हात इतका तयार की सांगितलेला कोणताही ठेका ते लगेच उचलत, पण प्रत्येक वेळी एकावर त्यांची मांडी आपोआप थोपटली जाई आणि त्यांच्या आजूबाजूचे तिघे-चौघे त्यांच्यामागून एकावर जोर देऊ लागत. तीन रविवार असेच गेले. शेवटी आम्ही अंक मोजण्याचे सोडूनच दिले आणि त्यांच्या हाती काशाची थाळी देऊन सांगितले की तुम्ही काही म्हणायचे नाही, फक्त आठव्यावर ही वाजवायची. पाचव्या आवर्तनाला त्यांनी थाळी वाजवली आणि डोळे उघडून म्हणाले, “म्हणजे सम संपते, सुरू होत नाही.” मी याहून सोप्या शब्दांत ते सांगू शकत नाही.

म्हणून दुसऱ्या रविवारी सगळ्यांनी बसून मनातल्या मनात एक ते सात मोजावे आणि आठ फक्त मोठ्याने म्हणावे. दहा मिनिटे हेच करावे. नंतर आठऐवजी थाळीवर टोला द्यावा. टोल्यानंतर शरीर किंचित मागे रेलते की नाही ते पाहावे. रेलू लागले म्हणजे गाँग अंगात उतरला असे समजावे.

तीन गटांची वीण

आता बारा आवाजांचे चार-चारचे तीन उपगट करावेत आणि तिघांना पुढील जागा द्याव्यात. एका ओळीत आठ जागा आहेत, आडवी रेघ म्हणजे गप्प राहणे.

पहिला गट : – – चक् – – चक् – चक्
दुसरा गट : चक् – – चक् – – चक् –
तिसरा गट : – चक् – – चक् – – चक्

तिन्ही ओळी नीट पाहिल्या तर लक्षात येईल की त्या मुळात एकच आहेत. तीन, तीन, दोन अशा अंतरांचा एक ठेका एकेका मात्रेने पुढे सरकवला की दुसरा आणि तिसरा तयार होतात. बालीतील मिरवणुकीच्या बेलेगांजुर या वादनात हातातल्या मोठ्या झांजा नेमक्या याच तत्त्वावर वाजतात आणि तेथे या तीन भागांना पोलोस, सांगसिह आणि सांगलोत अशी नावे आहेत. केचाकमधल्या प्रत्यक्ष रचना याहून अनेक आहेत, चक तलू, चक लिमा, चक नम अशी त्यांची नावे तीन, पाच, सहा या अंकांवरून पडलेली आहेत, परंतु पाया हाच. वरच्या जागा मी शिकवण्याच्या सोयीसाठी अशा लावल्या आहेत की एक ते सात या प्रत्येक मात्रेवर एकच गट बोलतो आणि आठव्यावर दोन गट एकत्र येतात, त्यामुळे गाँगचे वजन आवाजातही आपोआप पडते.

प्रत्येक गटाने आधी आपापली ओळ एकट्याने पक्की करावी. पहिल्या गटाची शेवटची दोन चक् जवळजवळ येतात, तेथे तो घाई करतो. दुसऱ्याची पहिली मात्रा नेमकी गाँगनंतर येते, म्हणून तो तिच्यावर जोर देण्याच्या मोहात पडतो. तिसरा गट बहुधा सगळ्यांत लवकर तयार होतो. ओळी पक्क्या झाल्यावर दोन-दोन गट जोडावेत, पहिला-तिसरा, मग पहिला-दुसरा, मग दुसरा-तिसरा, आणि त्यानंतरच तिन्ही. ठेका सांभाळणाऱ्याने चौथ्या आणि आठव्या मात्रेवर ‘पुंग’ म्हणावे. सुरुवातीला मिनिटाला तीस ‘पुंग’ ही गती ठेवावी, म्हणजे सेकंदाला दोन मात्रा पडतात. ती अंगवळणी पडली की दर रविवारी थोडी वाढवत साठपर्यंत न्यावी. बालीतले मुरलेले गट याहून पुष्कळ जलद जातात, पण पहिल्या हिवाळ्यात साठ स्वच्छ आले तरी ते मोठे यश मानावे.

एक चूक जवळजवळ प्रत्येक गट करतो. गती वाढली की प्रत्येक जण आपली ओळ बोटांवर मोजून, कान बंद करून म्हणू लागतो, कारण शेजारच्याचे ऐकले तर आपण घसरू अशी भीती वाटते. तशाने ओळी बरोबर येतात, पण वीण येत नाही. तीन रेडिओ एकदम चालू असल्यासारखे वाटते. यावर उपाय उलटा आहे. गटांना एकत्र बसवू नये. पहिल्या गटातला, त्याच्या शेजारी दुसऱ्यातला, त्याच्या शेजारी तिसऱ्यातला असे एकाआड एक गोलात बसवावे, म्हणजे प्रत्येकाच्या दोन्ही कानांत परका ठेका पडतो आणि आपल्या गप्प राहण्याच्या जागी दुसरा कोण बोलतो हे त्याला ऐकावेच लागते. मग आपली ओळ आठवण्याची गरजच उरत नाही. शेजाऱ्याने सोडलेली जागा आपली असते. आमच्याकडे ही अवस्था सहाव्या रविवारी आली. समईच्या उजेडात सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, आणि साधारण एक मिनिटभर असे झाले की आठ मात्रांचा एकच अखंड आवाज गोलात फिरत होता आणि त्यातला माझा कोणता हे मला ओळखता येईना. मग कोणीतरी आनंदाने हसले आणि वीण सुटली.

सूर, शरीर आणि कथा

सूर धरणाऱ्याने या ठेक्यावर एक संथ ओळ गुणगुणायची असते. बालीच्या पाच स्वरांना डिंग, डाँग, डेंग, डुंग, डांग अशी नावे आहेत, म्हणजे व्यंजन एकच आणि फक्त स्वर बदलतो. हे स्वर आपल्या सप्तकातल्या स्वरांशी तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून हार्मोनियमवर शोधत बसू नये. चांगले ध्वनिमुद्रण वारंवार ऐकून कानानेच उचलावे. ते जमेपर्यंत एकाच खर्जावर लांब ‘ओ’ धरला तरी ठेक्याला आधार मिळतो.

शरीराचे सांगायचे तर मांडी घालून, गुडघे शेजाऱ्याच्या गुडघ्यांना टेकतील इतके जवळ बसावे. बालीत कमरेला पांढऱ्या-काळ्या चौकटींचे ‘पोलेंग’ वस्त्र असते आणि वरचे अंग उघडे. ती चौकट शुभ आणि अशुभ यांच्या जोडीचे चिन्ह मानली जाते, आणि बालीत पवित्र वृक्षांना व द्वारपालांच्या मूर्तींनाही तेच वस्त्र गुंडाळतात. आपण साधे पांढरे सदरे आणि काळा पंचा वापरावा; नकली पोलेंग छापून घेण्यापेक्षा ते मला अधिक प्रामाणिक वाटते. ठेका चालू असताना सगळ्यांनी एकसाथ डावीकडे झुकणे, हात वर करून बोटे थरथरवणे, मागे पार आडवे होऊन पुन्हा उठणे, असे तीन-चार आकार शिकावेत. एकेक आकार गाँगवरच बदलावा.

कथेच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. केचाकमध्ये सीताहरणापासूनचे रामायण असते : सुवर्णमृग, रावणाचे येणे, जटायू, अशोकवनातली त्रिजटा, हनुमान, आणि मेघनादाच्या नागपाशात बांधला गेलेला राम. बसलेला समूह कधी वानरसेना होतो, कधी वारा, कधी आग, तर कधी रामाभोवती वेटोळे घालणारा साप होतो. रामटेक ज्यांच्यापासून पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे आणि रामनवमीच्या शोभायात्रेत ज्यांनी लहानपणी खांद्यावर बसून चित्ररथ पाहिले आहेत, त्या नागपूरकरांना यातली पात्रे समजावून सांगावी लागत नाहीत. पहिल्या सादरीकरणासाठी सुवर्णमृग ते जटायू एवढाच दहा-बारा मिनिटांचा भाग घ्यावा. बालीत कथा सांगणारा दालांग कावी नावाच्या जुन्या भाषेत आणि बालीभाषेत बोलतो. आपण निवेदन सरळ मराठीत करावे, पण ते मोजके ठेवावे, आणि हा बदल आपण केलेला आहे हे प्रेक्षकांना सुरुवातीलाच सांगावे. निवेदनात कीर्तनाची चाल किंवा गोंधळाची फेक मिसळण्याचा मोह होतो. आम्हीही तो एकदा केला आणि दोन्हींची चव गेली. सादरीकरणाची वेळ सूर्यास्ताची ठेवावी. उलुवातूच्या कड्यावरील केचाकही सूर्य समुद्रात उतरत असतानाच होतो. आपल्याकडे समुद्र नाही, पण फेब्रुवारीतली साडेसहाची वेळ, मध्ये समई आणि भोवती दिवे बंद, एवढ्याने काम होते.

आवाजावरून धातूकडे

केचाक हाताशी आला की हीच वीण झांजांवर न्यावी. ज्यांच्या ओळखीचे ढोल-ताशा पथक आहे त्यांनी झांजवाल्या तिघांना बोलवावे आणि वरच्या तीन ओळी एकेकाला द्याव्यात. झांज वाजवली की लगेच छातीशी लावून बंद करावी, तो घशात अडवलेला क येथेही हवाच. बालीत बेलेगांजुरचा हा ठेका सर्वांत जोरात वाजतो तो न्येपीच्या आदल्या संध्याकाळी. न्येपी म्हणजे त्यांच्या शक वर्षाचा पहिला दिवस, आणि तो शक आपलाच शालिवाहन शक आहे. २०२३ साली न्येपी आणि गुढीपाडवा दोन्ही २२ मार्चलाच आले आणि दोन्हीकडे शके १९४५ सुरू झाले. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह नावाच्या राक्षसांच्या प्रचंड आकृती खांद्यावरून गावभर फिरवतात, पुष्कळ ठिकाणी शेवटी जाळतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून चोवीस तास सगळे बेट शांत राहते, विमानतळसुद्धा बंद असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘इडा पीडा घेऊन जाय गे मारबत’ असे ओरडत ज्याने काळी-पिवळी मारबत पाहिली आहे, त्याला त्या मिरवणुकीत झांजा इतक्या कर्कश का वाजतात हे वेगळे सांगावे लागणार नाही.

गामेलानचे आणखी एक रहस्य घरबसल्या ऐकता येते. त्यातली वाद्ये जोडीने घडवतात आणि जोडीतले एक दुसऱ्यापेक्षा किंचित चढे ठेवतात. दोन्ही एकदम वाजली की आवाज लाटेसारखा थरथरतो. त्याला ओम्बाक, म्हणजे लाट, असेच म्हणतात, आणि ती लाट नसेल तर बालीचा माणूस त्या वाद्याला मेलेले समजतो. दोन मोबाइलवर स्वर निर्माण करणारे ॲप घ्यावे, एकावर ४०० आणि दुसऱ्यावर ४०७ हर्ट्झ लावावे आणि दोन्ही जवळ ठेवावेत. सेकंदाला सात हेलकावे स्पष्ट ऐकू येतील. याहून चांगला अनुभव हवा असेल तर इतवारीतल्या भांडे ओळीत जाऊन तळपाय घासण्याच्या काशाच्या वाट्या पाहाव्यात. तांबे आणि कथील यांचे हे मिश्रण, आणि गामेलानचे कांस्यही तांबे-कथलाचेच. एकाच मापाच्या सात-आठ वाट्या मागून घेऊन बोटांच्या टोकांवर तोलाव्यात आणि लाकडी काडीने हळू वाजवाव्यात. त्यांतल्या दोन अशा सापडतात की वेगळ्या वाजवल्या तर एकच स्वर वाटतो आणि एकदम वाजवल्या की मध्ये लाट उठते. ती जोडी घ्यावी. हा गामेलान नव्हे, याची जाणीव मात्र असू द्यावी. क्लुंगकुंगजवळच्या तिहिंगान गावात लोहार-कारागीर पूर्ण संच एकमेकांशी जुळवून घडवतात, आणि एका संचातले वाद्य दुसऱ्या संचात चालत नाही, कारण प्रत्येक संचाचे स्वर त्याचे स्वतःचे असतात.

नृत्य शिकायचे असेल तर

नृत्याबाबत मी सावध सल्ला देईन. भरतनाट्यम किंवा कथक शिकलेल्या मुली चित्रफिती पाहून लेगोंग हे बालीचे नृत्य उचलण्याचा प्रयत्न करतात, आणि त्यांचे कौतुकही होते, पण ते शरीर बालीचे नसते. आगेम ही तेथील मूळ उभी मुद्रा. तिच्यात भार एका पायावर असतो, गुडघे वाकलेले, पाठीचा कणा आत कमानीसारखा, कोपरे खांद्याच्या उंचीला आणि खांदे वर उचललेले. आपल्या नृत्यात गुरू पहिल्या दिवसापासून खांदे खाली सोडायला सांगतात आणि अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धे बसताना, दोन्ही बाजू सारख्या ठेवायला शिकवतात. म्हणजे येथे जे दहा वर्षांत घट्ट बसले तेच तेथे सोडायचे असते. डोळ्यांचे सेलेदेत, म्हणजे टक लावलेली नजर एका झटक्यात बाजूला जाऊन परत येणे, हे आरशासमोर रोज पाच मिनिटे जरूर करावे, पण तेही ढोलाच्या इशाऱ्यावर पडले तरच त्याला अर्थ असतो. नर्तक संगीताच्या मागे जात नाही, ढोलवादक नर्तकाकडे पाहून वाजवतो. त्यामुळे मुद्रित संगीतावर केलेल्या सरावाने नृत्याचा हा अर्धा भाग हाती लागतच नाही.

म्हणून नृत्यासाठी गुरूकडे जावे. दर वर्षी जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत देनपासारला बाली कलामहोत्सव भरतो. १९७९ पासून तो चालू आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यांतले गट तेथे उतरतात. एकाच जागी लेगोंग, बारिस, तोपेंग हे मुखवट्यांचे नाट्य, आर्जा हे गायनप्रधान नाट्य असे सगळे पाहायला मिळते, आणि आपल्याला नेमके काय शिकायचे आहे हे तेथेच ठरते. दीर्घ शिक्षणासाठी इंडोनेशिया सरकारची दरमासिस्वा शिष्यवृत्ती १९७४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना दिली जाते, आणि देनपासारच्या राष्ट्रीय कलासंस्थेत नृत्य व गामेलान दोन्ही शिकता येतात. देवळातला उत्सव पाहायला जाताना कमरेला वस्त्र आणि वर शेला बांधावा, पुजारी खाली बसला असेल तेव्हा त्याच्यापेक्षा उंच जागी उभे राहू नये, आणि वाद्ये जमिनीवर असली तरी ती ओलांडून जाऊ नये.

गुरू मिळाल्यावर पहिल्या दिवशी ते फारसे बोलणार नाहीत. ते मागे येऊन उभे राहतील, तुमचे मनगट धरतील, गुडघ्याने तुमचा गुडघा वाकवतील आणि तोंडाने ढोलाचे बोल म्हणत तुमचे सगळे शरीर स्वतःच्या हातांनी पूर्ण आवर्तनभर फिरवतील. त्या वेळी मदत करण्याचा प्रयत्न करू नये. हात सैल सोडावेत, बोल ऐकत राहावे आणि आठव्यावर गाँगची वाट पाहावी.